जेएसपी पानांसाठी टॅग लायब्ररी कशी निवडायची?

समजा, कोथरूडमधल्या एका सोसायटीची वेबसाइट आहे. मेंटेनन्सची थकबाकी, सभेच्या नोटिसा आणि तक्रार लिहायला एक चौकोन. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मुलांनी ती जावा आणि जेएसपीत करून दिली. एका सभासदाने तक्रारीच्या चौकोनात तक्रारीऐवजी जावास्क्रिप्टचा तुकडा लिहिला. सेक्रेटरींनी लॉगिन करून ते पान उघडलं, की तो तुकडा त्यांच्याच ब्राउझरमध्ये चालतो आणि त्यांच्या अधिकाराने सभासदांचे फोन नंबरही वाचू शकतो. हे होणार की नाही, हे बरंचसं पानावर मजकूर कोणत्या टॅगने छापला यावर ठरतं.

टॅग लायब्ररी म्हणजे काय?

जेएसपी 1999 साली आलं. तेव्हा एचटीएमएलच्या मधोमध जावाचा कोड लिहायची पद्धत होती. पान दोनशे ओळींचं झालं की डिझाइन कुठे संपतं आणि हिशोब कुठे सुरू होतो, हे लिहिणाऱ्यालाही कळेना. टॅग लायब्ररीने तो कोड एचटीएमएलसारख्या दिसणाऱ्या टॅगमध्ये बंद केला. यादी फिरवायला एक टॅग, अट तपासायला दुसरा, तारीख छापायला तिसरा. सर्व्हर त्या टॅगच्या जागी तयार एचटीएमएल भरतो. ब्राउझरला त्याचा पत्ताही नसतो.

पहिली पसंती: जेएसटीएल

प्रत्येक टीम आपापले टॅग लिहायला लागल्यावर 2002 मध्ये जेएसटीएल ही प्रमाण लायब्ररी आली. तिच्यात पाच गट आहेत: कोअर, फॉरमॅटिंग, एसक्यूएल, एक्सएमएल आणि फंक्शन्स. रोजच्या कामाला पहिले दोन आणि शेवटचा पुरतात. एसक्यूएलचे टॅग झटपट नमुना दाखवण्यापुरते आहेत. पानातून थेट डेटाबेसला हात घालायची सवय लावून घेऊ नका.

कोअरमधला 'आउट' टॅग साधा दिसतो, पण वरच्या सोसायटीला वाचवणारा तोच. कोनी कंस वगैरे चिन्हं तो निरुपद्रवी करून छापतो, त्यामुळे स्क्रिप्ट चालत नाही, नुसती अक्षरं दिसतात. डॉलर आणि महिरपी कंसाची छोटी पद्धत जेएसपीत असं काही करत नाही, मिळालं ते जसंच्या तसं छापते. नवशिके तीच वापरतात, कारण टाइप करायला सोपी.

आपल्याकडची एक अडचण मात्र जेएसटीएल सोडवत नाही. 1234567 हा आकडा आपण 12,34,567 असा लिहितो. जावाची मूळ आकडे मांडणारी सोय स्वल्पविरामाचं एकच अंतर ओळखते, म्हणून थकबाकी 1,234,567 अशी छापली जाते. आयसीयू फोर जे या लायब्ररीला लाख-कोटी कळतात. तिच्यावर आपला छोटा टॅग बेतावा. जेएसपी 2.0 पासून असा टॅग वेगळ्या फाइलमध्ये सहज लिहिता येतो.

फ्रेमवर्कचे टॅग

स्ट्रट्स किंवा स्प्रिंगचे टॅग फॉर्मसाठी सोयीचे असतात. चुकलेल्या रकान्यापुढे संदेश दाखवणं, भरलेली माहिती टिकवणं हे ते परस्पर करतात. पण ते घेतले की फ्रेमवर्कशी लग्न लागलंच! स्ट्रट्स 1 चा सांभाळ 2013 मध्ये थांबला आणि त्याच्या टॅगवर उभी असलेली पानं पुन्हा लिहिण्यावाचून पर्याय उरला नाही. स्ट्रट्स 2 मध्ये तर टॅगच्या गुणधर्मात वापरकर्त्याने दिलेला मजकूर तसाच भरला, तर तो आज्ञा म्हणून चालू शकतो, असा दोष 2020 मध्ये जाहीर झाला. म्हणून लायब्ररी निवडताना तिच्यात किती टॅग आहेत हे नंतर मोजा. शेवटची दुरुस्ती कधी आली, ते आधी बघा.

आवृत्ती जुळते का?

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. टॉमकॅटसोबत जेएसटीएल येत नाही, वेगळी ठेवावी लागते. 2020 च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई 9 पासून पॅकेजांच्या नावातलं 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलं. टॉमकॅट 9 जुनी नावं ओळखतो, टॉमकॅट 10 नवी. जुन्या पुस्तकातली जेएसटीएल 1.2 नव्या टॉमकॅटवर टाकली की पान उघडतच नाही आणि मुलं दोन दिवस आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतात. टॉमकॅट 10.1 असेल तर जेएसटीएल 3.0 घ्या.

नवीन काम असेल तर?

स्प्रिंग बूटवर सुरुवात करणार असाल तर जेएसपीचा हट्ट नको. त्याच्या एकाच जार फाइलमध्ये जेएसपी चालत नाही, वॉर फाइल करावी लागते. थायमलीफ तिथे नीट बसतं आणि त्याचा नेहमीचा 'टेक्स्ट' गुणधर्म मजकूर आपणहून निरुपद्रवी करून छापतो. 'यूटेक्स्ट' मात्र तसं करत नाही. तयार पानाच्या कोडमध्ये हा शब्द शोधून बघा आणि सापडेल तिथे तो मजकूर कोणी लिहिलेला आहे, हे विचारा.