‘फोर्ट स्टिकिन’ : एका मालवाहू आगबोटीचे अल्पायुष्य

महाड हे सावित्रीच्या काठचे जुने बंदर. एके काळी येथला व्यापार खाडीने बाणकोटला आणि तेथून समुद्रमार्गे मुंबईला जाई. महाड-पोलादपूरच्या डोंगरकपारीतील माणसेही पोटापाण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांची आणि गोद्यांची वाट धरीत. म्हणूनच मुंबईच्या गोदीत राख झालेल्या एका आगबोटीची कथा आपल्याला परकी नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे झपाट्याने बुडवीत होत्या. ती तूट भरून काढण्यासाठी कॅनडात एकाच नमुन्याची जहाजे धडाक्याने बांधण्यात आली. त्यांना ‘फोर्ट’ जहाजे म्हणत. वाफेचे साधे इंजिन, ताशी सुमारे ११ सागरी मैल वेग आणि पोटात भरपूर जागा, एवढेच त्यांचे वैभव. सात हजार टनांहून मोठे ‘फोर्ट स्टिकिन’ हे त्यांपैकीच एक. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील प्रिन्स रूपर्ट येथे ते १९४२ साली बांधले गेले.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, सुटी करून भरलेली लढाऊ विमाने आणि सुमारे नऊ लाख पौंडांचे सोने होते. कराचीला काही माल उतरला व रिकाम्या जागी कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड व इतर माल चढविण्यात आला. कापूस आणि दारूगोळा एकाच कोठारात, एकावर एक! शांततेच्या काळात कोणत्याही बंदराने हे चालू दिले नसते. युद्धाच्या निकडीपुढे मात्र नियम वाकले. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावावयाचा तांबडा बावटाही त्यावर चढला नव्हता.

१४ एप्रिल, शुक्रवार. पुनरुत्थानाचा सण होऊन पाचच दिवस झाले होते. दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर दिसू लागला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतले. पण आगीचे मूळ काही सापडेना. जहाज गोदीबाहेर न्यावे की तेथेच बुडवावे, याचा निर्णय होईना. ठोस आज्ञा देणारा कोणी एक अधिकारी नव्हता. शेवटी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने त्याहून भयंकर दुसरा. त्यांचे हादरे सिमल्याच्या भूकंपमापकावरही उमटले. शेजारची जहाजे बुडाली वा जळाली. मांडवी भागातील वखारी, हजारो टन धान्य आणि गोरगरिबांच्या चाळी भस्मसात झाल्या. सोन्याची एक वीट दूरवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली. त्यांनी ती प्रामाणिकपणे सरकारला परत केली.

मृतांचा नेमका आकडा कधीच निश्चित झाला नाही. ८०० ते १,३०० असे अंदाज दिले जातात. गोदीत रोजंदारीवर आलेल्या हमालांची नावे कोणत्या वहीत असणार? अग्निशमन दलाचे ६६ जवान मात्र नावानिशी स्मरणात आहेत. आग धुमसत आहे व खाली दारूगोळा आहे, हे समजल्यावरही ते पाण्याची नळी हातात धरून उभे राहिले. युद्धकालीन बंधनांमुळे ही बातमी आपल्या वृत्तपत्रांत मे महिन्यात छापता आली. पुढे हजारो कामगारांनी सात महिने खपून गोदी पुन्हा उभी केली.

अवघे पावणेदोन वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या जहाजाचा दोष काय? ते मालवाहू होते. जे भरले ते त्याने वाहिले. काय भरावे, कोठे न्यावे, हे माणसांनीच ठरविले होते.

१४ एप्रिल म्हटले, की चवदार तळ्याच्या महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. त्याच दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताहही पाळला जातो. त्या वेळी त्या ६६ जवानांबरोबर, ज्यांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत त्या हमालांसाठीही आपण एक क्षण स्तब्ध राहावे. त्यांच्यापैकी कोणी आपल्याच सावित्रीकाठचा असेल.