महामार्गांचे बदललेले क्रमांक

मुंबई-पुणे-कोल्हापूर-बेळगाव-बंगळूर-चेन्नई हा रस्ता अनेक दशके ‘एनएच ४’ होता. पनवेलहून कोकणातून गोव्याकडे उतरणारा रस्ता ‘एनएच १७’, तर नाशिक-धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता ‘एनएच ३’. २०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक दिले. उत्तर-दक्षिण मार्गांना सम आकडे मिळाले, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम आकडे मिळाले, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. शाखामार्गांचे क्रमांक तीन अंकी झाले. म्हणूनच पश्चिम किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या कोकणातल्या रस्त्याला ६६ हा मोठा सम आकडा आला. पुणे-कोल्हापूरचा रस्ता दिल्ली-चेन्नई ४८ मध्ये सामावला.

जुने आकडे मात्र रिकामे राहिले नाहीत. ४ आता अंदमानातील मुख्य रस्त्याचा आहे, ३ अटारीहून मनालीमार्गे लेहला जातो आणि १७ उत्तर बंगालमधून आसामात पोचतो. पद्धत निर्विवाद सुटसुटीत आहे. पण जुना नकाशा, बातमी किंवा खरेदीखत वाचताना त्यावरचे वर्ष आधी पाहावे लागते. कोल्हापूरजवळच्या जमिनीच्या जुन्या दस्तात चतुःसीमेत ‘एनएच ४’ लिहिलेले असेल, तर तो आजचा ४८ असतो. बोलण्यात तर महामार्गालगतची माणसे आजही ‘एनएच फोर’च म्हणतात.