आग्र्याची बंदूक आणि गाविलगडची बंदूक

राळेगांव तालुक्याच्या कडेनें वर्धा नदी वाहते. आज ती दोन जिल्ह्यांमधली नदी आहे. १८०३ च्या डिसेंबरांत ती दोन राज्यांची सरहद्द ठरली. त्या महिन्याच्या १७ तारखेस देवगांव येथें तह झाला आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांना नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा आपला हक्क सोडावा लागला. निजाम आणि भोसले यांची जुनी दुअमली मोडली आणि राळेगांवचा मुलूख एकट्या निजामाच्या पदरांत पडला. आसईची किंवा अडगांवची लढाई ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीही नसेल, अशा कुणब्यांचा धनी त्या लढायांनीं बदलला.

या पराभवाचें कारण विचारलें असतां बहुधा एकच उत्तर मिळतें. इंग्रजांची बंदूक विलायती, आमची देशी; मग दुसरें काय व्हायचें? उत्तर सोपें आहे, आणि म्हणूनच तें इतकीं वर्षें टिकलें. परंतु त्या युद्धांतील शस्त्रें एक एक करून हातीं घेतलीं तर तें खरें ठरत नाहीं.

मराठ्यांची जुनी बंदूक तोड्याची. पेटती जामगी रंजकावर टेकवावयाची आणि मग बार उडावयाचा. तिची नळी लांब व जड असे, आणि बसल्या जागीं नेम धरून मारणाऱ्याच्या हातीं तिचा पल्ला पुष्कळदां विलायती बंदुकीहून अधिक असे. गडाच्या तटावरून मारा करण्यास तिच्यासारखें हत्यार नव्हतें. पण उघड्या मैदानांत, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या पलटणीस ती अडचणीची. प्रत्येकाच्या हातीं जळता तोडा, आणि शेजाऱ्याच्या कमरेला दारू! विलायती बंदूक चकमकीची होती. चाप ओढला कीं गारगोटी पोलादावर आपटे आणि ठिणगी पडे. शिवाय तिच्या तोंडाशीं संगीन बसविलेली. नेमबाजींत ती कांहीं मोठी नव्हती. तिचा गुण होता तो भराभर आणि एकदम बार काढण्यांत.

हा फरक महादजी शिंद्यांनीं ओळखला. १७८४ सालीं त्यांनीं द बॉयन या सव्हाय प्रांतांतील सरदारास चाकरीस ठेवलें, कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि या पलटणींना लागणारीं हत्यारें बाहेरून आणण्याऐवजीं आग्र्यासच करावयाचें ठरविलें. तेथील कारखाना सँगस्टर नांवाच्या एका स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं चाले. तेथें तोफा ओतल्या जात आणि चकमकीच्या बंदुकाही होत. एका बंदुकीस खर्च येई सुमारें १० रुपये, आणि ती विलायती मालाच्या तोडीची असे, अशी तिची ख्याती होती.

तोफांच्या बाबतींत तर खुद्द शत्रूचीच साक्ष आहे. १८०३ च्या सप्टेंबरांत दिल्लीकडच्या मोहिमेंत शिंद्यांच्या ज्या तोफा पाडाव झाल्या, त्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं बारकाईनें तपासल्या. पितळी तोफा जवळजवळ सर्व याच देशांत ओतलेल्या निघाल्या. कांहींवर मथुरेचें तर कांहींवर उज्जैनचें नांव होतें. मोजमापें फ्रेंच धर्तीचीं होतीं, आणि कारागिरी कंपनीच्या तोफखान्यांतील मालापेक्षां कमी नव्हती. कांहीं लहान तोफांत तर आंत लोखंडी नळी ठेवून बाहेरून पितळेचें ओतीव काम केलेलें आढळलें. २३ सप्टेंबरच्या आसईच्या लढाईंत अशाच तोफांनीं वेलस्लीच्या लहानशा सैन्यांतील दीड हजारांहून अधिक माणसें मारलीं व जायबंदी केलीं.

आतां दुसरी बाजू. भोसल्यांच्या पलटणींपाशीं विलायती माल होता. १५ डिसेंबर १८०३ रोजीं इंग्रजांनीं गाविलगड घेतला, तेव्हां किल्ल्यांत ५२ तोफा, तटावरच्या १५० जंबुरक्यांसारख्या मोठ्या बंदुका आणि सुमारें २००० इंग्रजी बंदुका त्यांना मिळाल्या. चढणाऱ्याच्या हातीं जी बंदूक, तीच रक्षणकर्त्याच्या हातीं! स्टीव्हन्सननें डोंगरांतून वाट काढून जड तोफा उत्तरेच्या अंगास आणल्या, तटाला खिंडार पाडलें, आणि किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. अर्थात् देशी घडणीची बंदूक बाळगणारे शिंदे हरले आणि विलायती बाळगणारे भोसलेही हरले. बंदुकीच्या जन्मगांवावरून या युद्धाचा उलगडा होत नाहीं.

आणि विलायती बंदूक तरी काय होती? लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांनीं हातानें घडविलेली. एकीचा चाप दुसरीस नेमका बसेलच असें नाहीं. कंपनीनें हिंदुस्थानासाठीं काढलेली ३९ इंची नळीची बंदूक साधी आणि स्वस्त होती. फ्रान्सशीं युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या राजाच्या सैन्यानें तीच आपलीशी केली. परंतु तिच्यामागें एक व्यवस्था होती. ठरलेला नमुना मोहोर लावून जपलेला असे, प्रत्येक नळी जादा दारूच्या बारानें पारखली जाई, आणि एक कारागीर मेला किंवा रुसला म्हणून काम अडत नसे.

हा भेद आजच्या एका उदाहरणानें लवकर ध्यानांत येतो. ‘टॅव्होर’ नांवाची इस्रायली बंदूक या शतकाच्या पहिल्या दशकांत भारतीय सैन्याच्या खास तुकड्यांसाठीं आणण्यात आली. तिचें गोळ्यांचें घर चापाच्या मागें, दस्त्यांतच बसविलेलें असतें. त्यामुळें नळी आखूड न करतां सारी बंदूक सुमारें ७२ सेंटिमीटरांत मावते. ईशापूरच्या कारखान्याची ‘इन्सास’ ९६ सेंटिमीटर लांब. पुढें तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यांत टॅव्होरच्याच धर्तीवर ‘झिटारा’ तयार झाली, आणि २०१७ सालीं शिंद्यांच्या ग्वाल्हेरजवळ, मालनपूर येथें, इस्रायली कंपनीच्या भागीदारींत खासगी कारखाना सुरू झाला. आयात बंदूक आणि येथें जुळविलेली बंदूक शेजारीं शेजारीं ठेवली तर पाहणाऱ्यास फारसा फरक दिसणार नाहीं. नमुना कोणाचा, आणि तो बदलावयाचा झाल्यास कोणास विचारावें लागतें, हें बंदुकीवर कोठें कोरलेलें नसतें.

आग्र्याच्या बंदुकीवरही तें कोरलेलें नव्हतें. लोखंड, कोळसा, लोहार, सुतार सारे येथले. नमुना, देखरेख आणि पलटणीची कवायत मात्र पगारी परक्यांच्या हातीं. इंग्रजांनीं वर्मावर बोट ठेवलें तें येथेंच. ऑगस्ट १८०३ मध्यें कंपनी सरकारनें जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरींतील गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्याकडे येण्याबद्दल निर्वाहाचें आमिष दाखविलें. अनेक जण गेले. मुख्य सेनापति पेराँ सप्टेंबरांतच इंग्रजांच्या आश्रयास जाऊन मोकळा झाला. १८ ऑक्टोबरला आग्रा पडलें. १ नोव्हेंबरला लासवारीस उरलेल्या पलटणी बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांवांचूनच लढल्या, आणि गोलंदाज संगिनीखालीं पडेपर्यंत तोफांपासून हलले नाहींत. फ्रेंच अधिकारी त्यांच्याबरोबर असते तर निकालाची खात्री नव्हती, असें लेकनें स्वतःच कबूल केलें आहे.

देवगांवचा तह या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. त्यांत कटक गेलें, वर्धेच्या पश्चिमेचें वऱ्हाड गेलें. आणखी एक कलम होतें. इंग्रजांशीं युद्ध चालू असेल अशा कोणत्याही युरोपीय किंवा अमेरिकन राष्ट्राचा माणूस, अथवा इंग्रजांचा स्वतःचा प्रजाजन, सेनासाहेब सुभ्यांनीं कंपनीच्या संमतीवांचून चाकरीस ठेवूं नये. तेरा दिवसांनीं सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांकडूनही तसेंच वचन घेण्यात आलें.