गुणपत्रिकेआधीची परिस्थिती
बेताच्या गुणांच्या मुलाने कॉलेजात जावं का, हा प्रश्न सातारा-सांगलीत जुना आहे. 1919 मध्ये सांगली-मिरजेदरम्यान विलिंग्डन कॉलेज निघालं; त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. खेड्यातल्या मुलाचे गुण त्याच्या बुद्धीइतकाच घरच्या दारिद्र्याचा आणि रानातल्या कामाचाही हिशेब सांगतात, हे ओळखूनच 1947 मध्ये साताऱ्यात या संस्थेचं छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभं राहिलं. 1954 मध्ये कराडला गाडगे महाराज कॉलेज आलं.

यावर आक्षेप असा, की बेताच्या गुणांच्या मुलांसाठी दार सैल केलं की दर्जा घसरतो. पण दार उदार असलं तरी पदवीची परीक्षा विद्यापीठाचीच होती. तिथे श्रमाच्या घामाला सवलत नव्हती. श्रमात अभ्यासाचा वेळ जातो, हा दुसरा आक्षेप खरा आहे. मात्र त्या मुलापुढचा पर्याय निवांत अभ्यासाचा नव्हता, शाळा सुटल्यावर कायमचं शेतात राबण्याचा होता. म्हणून दर्जा मोजायचा तो प्रवेशाच्या यादीवर नव्हे, कॉलेजने विद्यार्थ्याला कुठून कुठवर नेलं यावर.