पानाची डावी बाजू

परवा एका लग्नाच्या रिसेप्शनला गेलो होतो. बुफेच्या रांगेत माझ्यापुढे भाचा होता. रिकामी प्लेट घेऊन नुसताच उभा. म्हणाला, "मामा, शुगर बॉर्डरवर आहे. इथे घ्यायचं तरी काय?" आणि मला एकदम अण्णा आठवले.

१९८४ सालची गोष्ट. आतेभावाची मुंज, मांडवात पंगत. अण्णांना तेव्हा नुकताच मधुमेह निघाला होता. त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले, तरी जिलबीचं ताट पुढून हलेना. "बटूच्या नावाने एक तरी घ्याच!" एकीच्या चार झाल्या. नाही म्हणणं म्हणजे यजमानांचा अपमान! आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पण यात पंगतीचा दोष नव्हता हो. केळीच्या पानाची मांडणी बघा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे वरणभात. जिलबीबरोबर मठ्ठा आणि शेवटी ताकभात. पानात तोल होता. तो बिघडवला आग्रहाने, आणि जिलब्या खाण्याच्या पैजांनी.

पुढे मठ्ठाही मागे पडत गेला. १९७७ मध्ये कोका कोला देशातून गेलं आणि त्याच साली थम्स अप आलं. आमच्या त्या मुंजीतही आम्हा पोरांसाठी गोल्डस्पॉटचा क्रेट होताच! १९९३ मध्ये कोक परत आलं. अशा कोलाच्या २५० मिलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार दिवसाची वरची साखर २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. म्हणजे जेवायला बसायच्या आधीच दिवसाचा कोटा संपला. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक निघाले, ते वाचून मला नवल वाटलं नाही.

बुफेला मी पूर्वी खूप नावं ठेवायचो. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, ही काय रीत झाली? पण बुफेने एक मोठी गोष्ट दिली. नको ते न घेण्याची मोकळीक. अण्णांना ती कधीच मिळाली नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, "आधी पानाची डावी बाजू वाढून घे. कोशिंबीर भरपूर. मग भाजी, वरण, थोडा भात. प्यायला मठ्ठा. जिलबी खावीशी वाटली तर एक, तीही शेवटी."

गेल्या वर्षी लेकीचा साखरपुडा झाला. हौसेने पंगतच मांडली. वाढप्यांना एकच सांगितलं होतं, कुणी हात आडवा धरला की दुसऱ्यांदा विचारायचं नाही. आत्या जरा रुसली. असो. पण जेवून उठताना तीन-चार जण हळूच येऊन "बरं केलंस" म्हणून गेले.

अण्णा असते तर त्यांनाही आवडलं असतं.