अंगावर काढणं आणि पिशवी काढणं

आपल्याकडे पाळीच्या त्रासाची गोष्ट बऱ्याचदा दोनच वाक्यांत संपते. आधी 'तिने दुखणं अंगावर काढलं.' मग काही वर्षांनी 'तिची पिशवी काढली.' या दोन वाक्यांच्या मधे एक जागा असते. तिथे कुणीतरी तिला नीट विचारायचं असतं, तपासायचं असतं, औषध देऊन बघायचं असतं. आपल्या राज्यात ही जागा वर्षानुवर्षं रिकामी कशी राहिली, त्याची ही गोष्ट.

सुरुवातीला कारण साधं होतं. डॉक्टर पुरुष असायचे आणि बायका त्यांच्यासमोर बोलत नसत. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या याचसाठी. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, पण पुढच्याच वर्षी वारल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अहमदनगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम यांनी बायका-मुलांसाठी दवाखाना सुरू केला. नगरकर आज त्याला बूथ हॉस्पिटल म्हणून ओळखतात. म्हणजे बाई डॉक्टर आली, दवाखाना आला. पण बायका तिथे पोचल्या का?

याचं उत्तर 1989 साली गडचिरोलीतून आलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांना तपासलं. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला निष्कर्ष जगभर गाजला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता. सरासरी एकेकीला तीनहून जास्त आजार. आणि त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. तोवर सरकारी आरोग्ययंत्रणेला बाई दिसायची ती बाळंतपणात आणि कुटुंब नियोजनात. उरलेलं सगळं ती अंगावर काढत होती.

दुसरं टोक बघायला नागापूरच्या रस्त्यावर यावं लागतं. नगरहून मनमाडकडे निघालं की नागापूर लागतं, तिथली एमआयडीसी लागते. पुढे राहुरी, प्रवरानगर, सगळा साखरपट्टा. दिवाळीच्या सुमारास बीड-पाथर्डीकडचे मजूर बिऱ्हाड, पोरंबाळं घेऊन या पट्ट्यात ऊसतोडीला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी नाही, आणि पाळी तर दर महिन्याला येणार.

2019 मध्ये ही गोष्ट बातम्यांत आली. बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला: पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. कॅन्सर होईल अशी भीती घातली गेल्याचं अनेकींनी सांगितलं. गडचिरोलीत कुणी तपासलंच नव्हतं. इथे कित्येकींच्या बाबतीत तपासणीनंतर थेट ऑपरेशनचीच तारीख मिळाली. मधली जागा दोन्हीकडे रिकामीच.

त्या मधल्या जागेत विचारायचा पहिला प्रश्न: जास्त रक्तस्राव म्हणजे किती? 1966 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी बायकांच्या पाळीचं रक्त मोजलं. एका पाळीत 80 मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की शरीरातलं लोह कमी पडायला लागतं, असं दिसलं. पण घरी कोण मोजणार? म्हणून 2007 मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने व्याख्याच बदलली. पाळीमुळे बाईच्या रोजच्या जगण्यात अडथळा येत असेल, तर ती जास्तच. म्हणजे मोजमाप बाईच्या हातात आलं.

तेव्हा हे लक्षात ठेवा. दर एक-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, रात्री उठून बदलावं लागतं, पाळी सात दिवसांवर जाते, मोठ्या गाठी पडतात, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जातं, गोळी घेऊनही कॉलेज किंवा कामाची शिफ्ट बुडते, धाप लागते, चक्कर येते: यातलं एकही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. पाळी कायमची थांबून वर्ष झाल्यावर रक्त दिसलं तरी जायचं. तासाला एक पॅड भिजतंय आणि ते थांबत नाहीये, किंवा दिवस गेल्याची शक्यता असताना रक्त जातंय, तर त्याच दिवशी, तातडीने.

तिथे काय होतं? आधी प्रश्न, मग हिमोग्लोबिन, गरज वाटली तर थायरॉईडची तपासणी आणि सोनोग्राफी. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येते. कारण फायब्रॉइड असेल, एंडोमेट्रिऑसिस असेल, हार्मोनचा बिघाड असेल किंवा रक्त गोठण्यातला दोष. त्याप्रमाणे लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी. पिशवी काढणं काहींना खरोखर लागतं, पण ते बहुधा शेवटचं पाऊल असतं. सोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचे त्रास लगेच सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. म्हणून पहिल्याच भेटीत कुणी ऑपरेशनची तारीख दिली, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नागापूरच्या एमआयडीसीत आज कितीतरी मुली शिफ्टमध्ये काम करतात. त्यांच्या आज्या-पणज्यांकडे मोजायला काही नव्हतं आणि विचारणारंही कुणी नव्हतं. यांच्या हातात फोन आहे. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, दिवसाला किती पॅड लागले, एवढं दोन-तीन महिने लिहून ठेवलं तरी पुरे. डॉक्टरसमोर बसल्यावर जीभ अडखळली तर फोन पुढे करायचा. बोलणं तिथून सुरू होतं.