तळटीप १४ : 'पी.ए.ची मुलाखत'

१४. मंत्र्यांचे स्वीय सहायक नव्हेत, इथे पी.ए. म्हणजे अमेरिकेतले 'फिजिशियन असिस्टंट'. रुग्ण तपासणारे, निदान करणारे, औषध लिहून देणारे, पण एम.डी. नसलेले वैद्यकीय व्यावसायिक. हा अभ्यासक्रम १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केला. पहिले चार विद्यार्थी नौदलातले माजी वैद्यकीय सेवक होते. पदवीनंतरचे हे शिक्षण साधारण २७ महिन्यांचे. 'घंटा वाजली की पुढचं दार' हे पत्रलेखिकेने केलेले प्रवेशाच्या मुलाखतीचे वर्णन शब्दशः खरे आहे : दारावर लावलेला प्रसंग दोनेक मिनिटांत वाचायचा, आत जाऊन पाच-सात मिनिटे बोलायचे, घंटा होताच पुढची खोली. घोकलेली उत्तरे तिथे कामाला येत नाहीत. 'शिकता शिकता नोकरी कर' हा भावाचा सल्ला मात्र गैरलागू. बहुतेक संस्था नोकरी करू नका असेच सांगतात, म्हणून कर्ज आले. पत्र २०१९चे आहे. तेव्हा इतर मदत वजा जाता उरलेल्या सगळ्या खर्चापुरते 'ग्रॅड प्लस' हे सरकारी कर्ज मिळे. २०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केले. — संपा.